500 रुपयांच्या ट्रॅफिक चलनाने गाडीचा विमा महागत नाही, पण या चुका टाळा

म्हापशात शुक्रवारचा बाजार भरला की गाडी लावायला जागा मिळणं नशिबाचं काम. मागच्या महिन्यात पेडण्याचे एक काका घामाघूम होऊन माझ्यासमोर येऊन बसले. नो पार्किंगमध्ये चाकाला लॉक लागला होता, 500 रुपये भरून सुटले होते. तेवढ्यात कुणाच्या तरी पिकअपने मागचा बंपरही फोडून ठेवला होता. पण त्यांना घोर वेगळाच. "अरे, आता माझा इन्शुरन्सचा हप्ता वाढणार ना? इंग्लंडातल्या स्विंडनहून भाचा सांगतो, तिथे वाढतो."

मी गाड्यांचे विमे उतरवतो, आणि हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर एकच: नाही वाढत. भाच्याचंही अर्धंच खरं. ब्रिटनमध्ये वेगमर्यादा मोडली की लायसन्सवर पॉइंट चढतात आणि मग हप्ता चढतो. पार्किंगच्या साध्या दंडाला तिथेसुद्धा पॉइंट नाहीत.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचा दर केंद्र सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला 3,416 रुपये आहेत. तुमच्या नावावर चलन एकही नसो की वीस असोत, दर तोच. उरलेला भाग म्हणजे ओन डॅमेज, आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. त्यात गाडीची किंमत, वय, इंजिन आणि तुम्ही घेतलेले क्लेम बघतात. मग ही भीती आली कुठून? जानेवारी 2021 मध्ये विमा नियामकाच्या समितीने वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना जादा हप्ता लावायचा मसुदा मांडला होता. दारू पिऊन गाडी चालवली तर 100 पॉइंट, चुकीच्या पार्किंगला 10. त्याच्या बातम्या अजून व्हॉट्सॲपवर फिरतात. मी रोज ज्या पॉलिसी काढतो, त्यांत असा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

दंडाने नाही, पण दंडाच्या आगेमागे केलेल्या चुकांनी मात्र लोक हजारो रुपये घालवतात.

बारीकसारीक नुकसानीचा क्लेम

काकांना बंपरचा क्लेम करायचा होता. मी कागद पुढे ओढला. नवा बंपर 5,000 रुपये धरू, मजुरी बाजूला ठेवू. प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा, म्हणजे झीज म्हणून कंपनी कापते ती रक्कम; उरले 2,500. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1,000 आपल्या खिशातून. हातात आले 1,500.

आता दुसरी बाजू. तीन वर्षं क्लेम नाही म्हणून काकांना ओन डॅमेज हप्त्यात 35 टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस मिळत होता. यंदाही क्लेम केला नाही तर रिन्यूवेळी तो 45 टक्के होणार. बोनसआधीचा ओन डॅमेज हप्ता 10,000 असेल तर भरायचे 5,500. क्लेम केला की बोनस शून्यावर, म्हणजे पुरे 10,000. तिथेच 4,500 गेले. त्याच्या पुढच्या वर्षी 50 ऐवजी 20 टक्के, म्हणजे हप्ता तेवढाच धरला तरी आणखी 3,000. 1,500 घ्यायला 7,500 द्यायचे. घसारा न कापणारं झीरो डेप ॲड-ऑन (जादा पैसे देऊन घ्यायचं कव्हर) असतं तरी हातात 4,000 आले असते; झीरो डेप बोनस वाचवत नाही, त्यासाठी बोनस संरक्षणाचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. काकांनी कागदाकडे दोनदा पाहिलं आणि करासवाड्याला ओळखीचं गॅरेज आहे म्हणाले.

पॉलिसी संपलेली, आणि नेमकी तेव्हाच गाडी अडवली

लॉक काढायला पोलीस येतो तेव्हा तो कागदही मागू शकतो. वाढीव दंड गोव्यात 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत: पार्किंगसारख्या किरकोळ गुन्ह्याला पहिल्यांदा 500, पुन्हा केल्यास 1,500, विमा नसेल तर 2,000, पुन्हा सापडलात तर 4,000. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की साठवलेला बोनसही जातो. चलन बाकी असेल तर रिन्यू होत नाही असं समजून थांबणारे मी पाहिलेत. थांबू नका, पॉलिसी वेगळी आणि चलन वेगळं. बाकी चलन अडतं ते आरटीओत, गाडी विकताना.

मोबाइल नंबर जुना

गाडीच्या नोंदीत पहिल्या मालकाचा नाहीतर बंद पडलेला नंबर असतो, मग चलन झाल्याचं कळतच नाही आणि प्रकरण कोर्टात जातं. परिवहनच्या पोर्टलवर नंबर बदलून घ्या, गाडीच्या नंबरावरून चलन शोधा. भलत्याच गाडीचं चलन तुमच्या नावावर पडलं असेल तर त्याचा फोटो उघडून नंबरप्लेट नीट बघा आणि तिथेच तक्रार नोंदवा. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर ती उघडू नका, बँक खातं रिकामं होऊ शकतं. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाची चलनं तपासा आणि 14 दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करायला टाका.

खासगी गाडी भाड्याने

ही खास आपल्या गोव्याची चूक. कळंगुटला चार दिवस पाहुण्याला गाडी दिली, घराचा खर्च निघाला, असं वाटतं. ड्रायव्हरशिवाय भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, परवाना लागतो. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरताना ठोकली तर कंपनी 'वापराची मर्यादा मोडली' म्हणून ओन डॅमेज क्लेम नाकारू शकते. त्या पाहुण्याने रस्त्यात कुठेही गाडी लावली तर चलन तुमच्याच नावावर येतं, पण ते 500 मला किरकोळ वाटतात.

हे सगळं ऐकून काकांनी खिशातून पॉलिसी काढली. मंगळवारी संपत होती. तिथल्या तिथे रिन्यू केली, 45 टक्के बोनस धरून. बाहेर पडताना मी विचारलं, आत्ता गाडी कुठे लावलीय? ते काही न बोलता घाईघाईने पायऱ्या उतरले.