शाश्वत विकास शिकवायला उभं राहताना

"सर, अपना इंदौर तो सफाई में नंबर वन है, इसमें पढ़ना क्या?" माझ्या पहिल्या तासाला मागच्या बाकावरून आलेला हा प्रश्न. वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढची स्लाइड लावली. तिथेच चुकलं.

इंदूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात हा विषय शिकवायला लागून मला आता काही वर्षं झाली. तुम्ही नव्याने लागला असाल, तर विषय बहुधा असाच गळ्यात पडेल: बिनक्रेडिटचा, फक्त पास व्हायचा, आणि तास दुपारी जेवणानंतर. पहिल्या वर्षी मी शाश्वत विकासाची व्याख्या देणारा 1987चा ब्रुंटलँड अहवाल, संयुक्त राष्ट्रांची 2015ची सतरा उद्दिष्टं, सगळं नीट सांगितलं. पोरांनी उतरवून घेतलं. असाइनमेंट मागितली तर साठातल्या बहुतेकांनी देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटवर तोच मजकूर दिला. 2022मध्ये सुरू झालेला, रोज 550 टन ओला कचरा घेऊन त्याचा गॅस करू शकणारा प्लांट. त्यात खोटं काही नव्हतं, पण स्वतःचा विचारही नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात 2017पासून सलग अनेक वर्षं पहिला नंबर घेतलेल्या गावातली ही खास अडचण आहे. स्वच्छ म्हणजेच शाश्वत, असं पोरांनी धरलेलं असतं. तो अभिमान मोडायला जाऊ नका. आपलेच आई-बाबा घरी तेच म्हणतात. पोरांच्या हातात फक्त एक आकडेमोड द्या.

माझी आकडेमोड नळाच्या पाण्याची. इंदूरला पाणी येतं ते मंडलेश्वरजवळच्या नर्मदेतून. ती समुद्रसपाटीपासून साधारण 150 मीटरवर, इंदूर 550वर. म्हणजे पाणी निदान 400 मीटर वर चढवायचं. हजार लिटरना किती वीज? बारावीचं सूत्र: वस्तुमान गुणिले जी (गुरुत्वत्वरण) गुणिले उंची. साधारण 1.1 युनिट येतं. पंपाची कार्यक्षमता 70 टक्के धरली की दीडच्या वर. माणशी 135 लिटरच्या हिशेबाने चौघांच्या घराला दिवसाला 0.8 युनिट, नुसतं पाणी इंदूरला पोचवायला. घरातला पंप वेगळाच.

पहिल्यांदा हे फळ्यावर केलं तेव्हा मेकॅनिकलची एक मुलगी म्हणाली, "सर, पाइप मध्ये घाट चढतो ना? मग उंची इंदूरची नाही, घाटमाथ्याची धरायला हवी. शिवाय घर्षण." बरोबर होतं तिचं. माझा हिशेब वर्गासमोर तोकडा पडला आणि त्या सत्रातला सगळ्यात चांगला तास तोच झाला. तेव्हापासून मी मुद्दामच 400 लिहितो आणि गप्प बसतो. हिशेबाची हद्द कुठे आखायची, हा या विषयातला अवघड भाग. तो व्याख्येतून कळत नाही; कोणीतरी आपली आखलेली हद्द खोडून काढावी लागते.

ब्रँचप्रमाणे प्रश्न बदला. कॉम्प्युटरवाल्यांना पंपाचं काही पडलेलं नसतं, त्यांना लॅबच्या एसीचं महिन्याचं बिल काढायला लावा. सिव्हिलवाल्यांना कान्ह नदीच्या काठाने चालवा. ती पुढे क्षिप्रेला मिळते, म्हणजे आपलं सांडपाणी उज्जैनच्या वाटेवर. प्लांट बघायला जायचं तर परवानगीचं पत्र महिनाभर आधी टाका. तिथे साहेबापेक्षा शिफ्टवरच्या माणसाशी बोला.

आणि कंपोस्टचा तास चुकवू नका. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथेच, इंदूरच्या शेती-संशोधन संस्थेत, काडीकचरा, शेण, माती, राख यांचे थर लावून खत करण्याची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. इंदूरच्या पोरांना हे सहसा ठाऊक नसतं. सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो. (नंबर वनवाले तर विशेष.)

परीक्षेत "व्याख्या लिहा" मी काढून टाकलं. त्याऐवजी घरातली एक गोष्ट आठवडाभर मोजून आणा. मागच्या सत्रात सुदामानगरच्या एका मुलाने गच्चीवरची टाकी भरून वाहते ते मोजलं. बादली, मोबाइलचं घड्याळ: मिनिटाला नऊ लिटर, नळ आला त्या दिवशी चाळीस मिनिटं. 360 लिटर, अर्ध्या युनिटाहून जास्त वीज गच्चीवरून गटारात. वहीत त्याने खाली लिहिलं होतं: "बाबांना दाखवलं. म्हणाले, आधी अभ्यास कर. रविवारी स्वतःच बॉल कॉक आणला, टाकी भरली की पाणी बंद करणारा."

मी दहापैकी नऊ दिले. घाटाची उंची त्यानेही धरली नव्हती.