रेलिगेशनचा शेवटचा दिवस बडोद्यात बसून कसा बघायचा

आपला फुटबॉल क्लब रेलिगेट व्हायच्या, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या काठावर असेल आणि सीझनची एकच मॅच उरली असेल ना, तर टीव्ही लावायच्या आधी वही-पेन घेऊन बसा, कारण त्या रात्री नुसता आपला स्कोर बघून काही कळत नाही.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० टीम्स, तळाच्या ३ खाली जातात. पॉइंट्स सारखे झाले तर आधी गोल डिफरन्स (मारलेले वजा खाल्लेले गोल), तोही सारखा असेल तर एकूण मारलेले गोल. (स्पेनमध्ये आधी त्या दोन टीम्सच्या आपसातल्या मॅचेस बघतात, तिकडचा क्लब असेल तर हा हिशोब चालणार नाही.)

मी एव्हर्टनवाला, म्हणून २८ मे २०२३ चंच उदाहरण देतो. सकाळी टेबल असं होतं, एव्हर्टन ३३, लेस्टर ३१, लीड्स ३१, आणि तिघांतला एकच वाचणार. गोल डिफरन्स आमचा उणे २४, लेस्टरचा उणे १८, लीड्सचा उणे २७. आता मांडा. आम्ही जिंकलो तर विषय संपला, कोणाकडे बघायची गरज नाही. ड्रॉ झाला तर ३४, मग लेस्टर नुसतं जिंकलं तरी त्यांचेही ३४ होऊन गोल डिफरन्सवर आम्ही गेलो, आणि लीड्सला मात्र ३ गोलच्या फरकाने जिंकायला लागणार. हरलो तर दोघांपैकी कोणीही जिंकू नये. या तीन ओळी मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा, ७० व्या मिनिटाला डोकं चालत नाही, तेव्हा त्याच कामाला येतात.

टीव्हीची सोय आधी करा. सगळ्या १० मॅचेस एकाच वेळी सुरू होतात, दुसऱ्याचा निकाल बघून कोणी खेळू नये म्हणून. त्या दिवशी आपल्याकडचे रात्रीचे ९ वाजले होते आणि नेमकी अहमदाबादला आयपीएलची फायनल, गुजरात आणि चेन्नई, सगळं घर टीव्हीसमोर. तिकडे पाऊस थांबेना, टॉससुद्धा झाला नाही, तरी बाबा रिमोट सोडेनात, मग मी फोनवरच बघितली. सेवउसळ आधीच आणून ठेवा, तर्री वेगळी बांधून घ्या म्हणजे पाव भिजत नाहीत, हाफटाइमच्या १५ मिनिटांत मांडवीच्या गर्दीत जाऊन परत येणं होत नाही.

मोठ्या स्क्रीनवर आपलीच मॅच ठेवा, चॅनल बदलत बसू नका. दुसऱ्या ग्राउंडचा नुसता स्कोर दुसऱ्या फोनवर, आणि आपल्या मॅचचं नोटिफिकेशन मात्र बंद, कारण ॲपवरचं चित्र मागे असतं, गोल दिसायच्या आधी मेसेज येतो आणि जीव जातो नुसता. व्हॉट्सॲप ग्रुपही म्यूट.

प्रत्येक गोलला वहीत मिनिट लिहा. लीड्स दुसऱ्याच मिनिटाला मागे पडलं, त्यांच्यावर मी काट मारली. ३४ व्या मिनिटाला लेस्टरच्या बार्न्सने मारला आणि आमचं ०-० असल्यामुळे आम्ही १८ वे, म्हणजे खाली. १९५४ पासून सलग टॉप डिव्हिजनमध्ये असलेला क्लब, आणि हाफटाइम धरून पुढचा सगळा वेळ असाच काढायचा होता. ५७ व्या मिनिटाला आमच्या डुकुरेने बॉक्सच्या बाहेरून हाणला, १-०. मी ओरडलो तर आईला वाटलं पाऊस थांबला.

यापुढे घड्याळ बघू नका, शेवटी इंज्युरी टाइम किती देतील सांगता येत नाही, आम्हाला १० मिनिटं दिली आणि त्यात आमचा गोलकीपर पिकफर्ड याने एक गोल वाचवला. आणि आपण जिंकूनही दुसऱ्यावर अवलंबून असाल तर तिकडची शिट्टी वाजेपर्यंत ओरडायचं नाही. २००५ मध्ये वेस्ट ब्रॉम २-० जिंकून ग्राउंडवरच उभे होते, क्रिस्टल पॅलेसची मॅच संपायची वाट बघत, ती २-२ सुटली तेव्हा कुठे वाचले.

आणि हरलेल्या माणसाला त्या रात्री मेसेज करू नका. माझा मामेभाऊ लेस्टरवाला, मांजलपूरला राहतो. २०१६ ला त्याचा क्लब चॅम्पियन झाला होता, आणि त्या दिवशी २-१ ने जिंकूनसुद्धा गेला. मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी फायनल पुन्हा होती, त्याच्याकडेच जाऊन बसलो, रात्री खूप उशिरा त्यानेच विचारलं, डुकुरेचा गोल परत लाव ना, मी नीट बघितलाच नाही.