एम.ए. इंग्रजीचं पहिलं वर्ष: ठाणे-नवी मुंबईहून येणाऱ्यांसाठी

मुंबई विद्यापीठात एम.ए. इंग्रजीच्या वर्गात नव्याने बसणाऱ्या बहुतेकांना एकच धास्ती असते: आपलं इंग्रजी बोलणं अडखळतं. ती आधी बाजूला ठेवा. तुम्ही मूळ पुस्तक वाचलंय का आणि त्यातल्या ओळींवर बोट ठेवून स्वतःचं काही सांगू शकता का, हे विभागात पाहिलं जातं. फाडफाड बोलणारा पण नुसत्या सारांशावर भागवणारा विद्यार्थी पहिल्याच सादरीकरणाच्या प्रश्नोत्तरांत अडकतो. थांबत थांबत बोलणारा, पण पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा करून आलेला निभावून नेतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात दोन वर्षांचं एम.ए. ८८ क्रेडिटचं (श्रेयांकांचं) असतं, म्हणजे दर सेमिस्टरला २२. त्यात पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे ४, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. एकूण १८ क्रेडिट असे आहेत की नोट्स पाठ करून ते मिळत नाहीत. अभ्यासक्रमाची पीडीएफ पहिल्या आठवड्यातच उतरवून घ्या आणि इंटर्नलला किती गुण, लेखीला किती, दोन्हींत वेगळं पास व्हावं लागतं का, एवढं शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. केटी लागते, म्हणजे विषय राहतो, तो बऱ्याचदा इंटर्नलकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

मुंबई विद्यापीठाचा इंग्रजी विभाग कालिन्याच्या विद्यानगरी परिसरात आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशी-नेरुळहून हार्बरने कुर्ल्याला उतरायचं, तिथून पश्चिमेकडून बस किंवा रिक्षा. ऐरोली-घणसोलीकरांना ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलता येते. या प्रवासात कादंबरी वाचून होते. साहित्यसिद्धान्ताचे निबंध मात्र गर्दीत उघडू नका, एकाच परिच्छेदावर तीन स्टेशनं जातात आणि हाती काही लागत नाही. तासाला ३० पानं धरली तर ३०० पानांच्या कादंबरीला १० तास लागतात. एका सत्रात अशा तीन-चार कादंबऱ्या, दोन-तीन नाटकं आणि कविता असतील, तर वर्गात पुस्तक सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी ते हातात हवं. शिकवून झाल्यावर वाचू म्हटलं की परीक्षेआधीचा महिना सारांश वाचण्यातच संपतो.

सिद्धान्ताचा निबंध तीनदा वाचावा लागतो. पहिल्यांदा न थांबता. दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदाशेजारी एक ओळ, तीही मराठीत लिहिली तरी हरकत नाही. उलट मराठीत लिहिताना न कळलेलं लपवता येत नाही. तिसऱ्यांदा फक्त त्या ओळी वाचून युक्तिवाद कुठून कुठे जातो ते पाहायचं. पारिभाषिक शब्द मात्र इंग्रजीतच ठेवा, कारण उत्तरपत्रिकेत तेच लागणार आहेत. मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण शब्दसंग्रहाची नसून वाक्याच्या लांबीची असते. मराठी वाक्य डोक्यात पूर्ण करून ते इंग्रजीत उतरवलं की क्रियापद हरवतं. एका वाक्यात एकच मुद्दा, आणि वाक्य वीस शब्दांच्या आत, हा नियम पहिलं सत्र तरी कटाक्षाने पाळा.

आता सादरीकरण, कारण विभागातलं सगळ्यात जास्त शिक्षण इथेच होतं. साधारण १५ मिनिटं बोलायचं आणि पाच मिनिटं प्रश्न, अशी वाटणी धरा. मिनिटाला १२० शब्दांच्या वेगाने १,८०० शब्द होतात, पण थांबणं आणि उतारे वाचणं धरून १,५०० च्या वर लिहू नका. दुप्पट ओळ-अंतराची ती पाच-सहा पानं होतात. बिघडतं ते सुरुवातीलाच: लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार, यात सात मिनिटं जातात आणि मुद्दा येतो तेव्हा वेळ संपल्याची चिठ्ठी समोर असते. चरित्र दोन वाक्यांत आटपा. विषयही अरुंद हवा. ‘अमुक कादंबरीतला स्त्रीवाद’ यावर १५ मिनिटांत काहीच सिद्ध होत नाही. ‘याच कादंबरीत स्वयंपाकघरात घडणारे तीन प्रसंग आणि त्यात कोण बोलतं, कोण गप्प राहतं’ यावर होतं. एक उतारा निवडा, १५ ते २० ओळींचा, त्याच्या झेरॉक्स प्रती वाटा आणि त्यावरच बोला. सगळ्यांच्या हातात तो मजकूर असला की प्रश्नही नेमके येतात. स्लाइड सहाच्या आसपास पुरतात; भरगच्च स्लाइड लावली की वर्ग वाचत बसतो, ऐकत नाही. समीक्षकाचं वाक्य उद्धृत करायचं तर त्याचा मूळ लेख किमान एकदा वाचलेला हवा, नाहीतर ‘हे त्याने कशाच्या संदर्भात म्हटलंय?’ या एका प्रश्नावर सगळं कोसळतं. घरी घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचा. उच्चारांची शंका असलेली नावं शब्दकोशाच्या ध्वनिमुद्रणावरून आधीच पक्की करा.

लेखी कामात संदर्भ देण्याची एमएलए पद्धत चालते, सध्या तिची २०२१ची नववी आवृत्ती. एक इंच समास, दुप्पट ओळ-अंतर, अवतरणापुढे कंसात लेखकाचं आडनाव आणि पान क्रमांक, मध्ये स्वल्पविराम नाही. शेवटच्या संदर्भयादीत प्रत्येक नोंदीची दुसरी ओळ अर्धा इंच आत. सगळ्यात जास्त गोंधळ आवृत्तीमुळे होतो: अवतरण एका आवृत्तीतून, पान क्रमांक दुसऱ्या, आणि यादीत तिसरीच. म्हणून उतारा टिपताना त्याच क्षणी प्रकाशक, वर्ष आणि पान लिहून ठेवा. चॅटबॉटने दिलेला संदर्भ ग्रंथालयात किंवा नियतकालिकाच्या साइटवर प्रत्यक्ष सापडल्याशिवाय वापरू नका. नसलेले लेख तो बेधडक देतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचं साधर्म्य चालतं, १० ते ४० टक्क्यांना दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. एम.ए.च्या प्रकल्पापासूनच ही शिस्त लागलेली बरी.

पुस्तकांसाठी विद्यानगरीतलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहेच. अनुवादाचा किंवा तौलनिक विषय घेतलात तर ठाण्याचं १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. नाटकाचा पेपर असेल तर गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात चालू असलेलं कुठलंही मराठी नाटक बघा. प्रवेश-निर्गमन, प्रकाश आणि विराम समजल्यावर छापील नाटक वेगळं वाचता येतं.

अतिथी व्याख्यानं, भित्तिपत्रक, चित्रपट प्रदर्शन, नाट्यवाचन, विद्यार्थी परिसंवाद हे वर्षभर चालू असतं. सगळ्यात उडी मारू नका, एक काम घ्या. त्यातही अहवाल लिहिण्याचं घेतलंत तर सगळ्यात फायद्याचं. नॅकच्या मूल्यांकनासाठी विभागाला तारीख, उपस्थितीपत्रक, जिओटॅग (ठिकाणाची नोंद) असलेले फोटो आणि छोटा अहवाल लागतो. तो त्याच दिवशी लिहिणारा विद्यार्थी प्राध्यापकांच्या लक्षात राहतो आणि शिफारसपत्राच्या वेळी ते उपयोगी पडतं.

ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास. शाळा, प्रकाशनसंस्था, अनुवादाचं काम करणारी कार्यालयं, ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांचे मजकूर विभाग असे पर्याय जवळच आहेत. सत्र सुरू होण्याआधी होकार लेखी मिळवा. तोंडी होकारावर विसंबलं की शेवटी तासांचं प्रमाणपत्र अडतं.

नेट म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रतेची राष्ट्रीय परीक्षा. तिची तयारी तिसऱ्या सत्रापासून. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, तीन तास सलग, प्रत्येक प्रश्नाला २ गुण, चुकीला वजावट नाही. त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत, त्यातले भाषा व अध्यापन, भारतातील इंग्रजी आणि संशोधनपद्धती हे तीन घटक साहित्य वाचणारे टाळतात. सुरुवात तिथूनच करा. अंतिम वर्षाला असतानाही अर्ज भरता येतो. महाराष्ट्र-गोव्याची सेट ही राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, प्रश्नांची रचना तशीच, तेव्हा दोन्हींचा अभ्यास एकदमच होतो.