व्हेप सोडताना तलफ आली की नेमकं काय करायचं

सिगारेट निदान संपते तरी, व्हेप म्हणजे ई-सिगारेट संपतच नाही. अंथरुणात, बाथरूममध्ये, ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, कुठेही ओढता येतं, म्हणून सोडताना घरातला प्रत्येक कोपरा तलफ आणतो.

आधी हे समजून घ्या. ओढलं की १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि साधारण २ तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, मग चिडचिड सुरू, परत ओढलं की बरं वाटतं. आपण म्हणतो व्हेपनं टेन्शन जातं, पण त्यातलं बरंचसं टेन्शन निकोटिन उतरल्याचंच असतं. मला हे फार उशिरा कळलं.

तर पहिलं काम, लगेच बंद करू नका. ३-४ दिवस फोनमध्ये नुसतं लिहा, कधी ओढलं आणि त्याआधी काय चाललं होतं. माझ्या यादीत लिफ्टची वाट बघणं, जेवणानंतर आणि घरी वाद झाल्यावर हे सारखं यायचं, आणि कितीतरी वेळा तलफ नव्हतीच, हात आपोआप खिशात गेला होता. मग त्या एकेका जागेवर दुसरं काहीतरी ठरवा, मी लिफ्ट सोडून जिना धरला, जेवणानंतर बडीशेप.

मग तारीख ठरवा आणि त्या दिवशी डिव्हाइस, पॉड (त्यात बसवायची द्रवाची कुपी) सगळं घराबाहेर काढा, बॅटरी असते म्हणून ई-कचऱ्यात द्या.

तलफ आली की घड्याळ बघा. ती बहुतेक वेळा ५-१० मिनिटांत ओसरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट तिला लाट म्हणायचे, तिच्याशी झगडायचं नाही, ती अंगात कुठे जाणवते ते बघत बसायचं. माझी जबड्यात यायची, दात आवळले जायचे, मग हळूहळू सैल पडायचे.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात जड, पुढे २-४ आठवड्यांत बरंच हलकं होतं. फारच जड गेलं तर डॉक्टरांना निकोटिन गमबद्दल विचारा, ती सतत चघळायची नाही, थोडी चावून गालात धरायची आणि आधी १५ मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे, खरंच फोन करा. आणि एखादा झुरका मारला गेलाच तर सगळं गेलं म्हणून उरलेला दिवस ओढत बसू नका, कुठे चुकलं ते यादीत लिहा आणि तिथूनच पुढे चला.

पाचव्या आठवड्यात लिफ्टपाशी उभा होतो, हात खिशात गेला आणि चाव्या घेऊन बाहेर आला. तुमचाही असाच जाईल, घाबरू नका, ती नुसती हाताची सवय आहे.