कामाच्या ठिकाणी भेदभाव किंवा छळ झाला, तर तक्रार कुठे आणि कशी करावी

'कामावर भेदभाव होतो' एवढ्यावर तक्रार घेणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. भेदभाव कशावरून झाला, त्यानुसार कायदा, कार्यालय आणि मुदत बदलते. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी दार ठरवा.

बाई म्हणून त्याच कामाला कमी पगार मिळत असेल, तर तो विषय वेतन संहिता २०१९ चा. दावा तीन वर्षांच्या आत करायचा आणि सुरुवात कामगार उपायुक्त कार्यालयातून. बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे, त्यासाठीही तिथेच जा. जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल, तर १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली थेट पोलीस ठाणं गाठायचं. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २०१६ चा कायदा आहे. सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असतो, त्यापुढे जिल्हास्तरीय दिव्यांग समिती आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय.

राहिला लैंगिक छळ. त्याची मुदत सगळ्यांत कमी आणि कागदपत्रांचे नियम सगळ्यांत जास्त, म्हणून तो सविस्तर.

२०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरचा. समितीचा आदेश दर्शनी भागात लावणं मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा पहिलं काम म्हणजे नोटीस बोर्डाचा फोटो काढणं. बोर्डावर काही नसेल, तर तोही पुरावाच. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिची चौकशी करा. तालुक्याच्या ठिकाणी नोडल अधिकारी असतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष पॅकहाउसमधल्या बाईने नाशिकला खेटे घालायची गरज नाही, कारण आलेला अर्ज त्याने सात दिवसांत समितीकडे पाठवायचा असतो. ऑनलाइन भरायचा तर केंद्र सरकारचं 'शी-बॉक्स' पोर्टल आहे.

'तू तर ठेकेदाराची माणूस, आमच्या कंपनीची नाहीस' हे उत्तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत ऐकायला मिळालं, तर मागे फिरू नका. कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, घरकामगार, सगळ्या जणी या कायद्यात येतात. कंपनीने दिलेली बससुद्धा कामाचं ठिकाणच. नाशिकरोडहून सिन्नरला जाताना घडलेला प्रकार गेटच्या बाहेर घडला म्हणून सुटत नाही. हा कायदा मात्र महिलांच्या छळापुरताच आहे. पुरुषांनी आपल्या आस्थापनेचे सेवानियम पाहावेत.

मुदत आहे शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते कारण लेखी नोंदवावं लागतं. या सवलतीच्या भरवशावर थांबू नका.

अर्जाच्या सहा प्रती, पुराव्याची कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे. अर्ज कसा लिहायचा, यावर पुढचं बरंच ठरतं. 'सुपरवायझर नेहमी त्रास देतात' या वाक्यावर चौकशी पुढे सरकत नाही. त्याऐवजी असं लिहा: '१० जून, मंगळवार, दुपारी साधारण सव्वातीन, पॅकिंग लाइन दोनजवळ. त्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी पाहिलं.' ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहा, शिवी असली तरी. लाजेपोटी शब्द गाळले की समोरच्याला 'मी तसं बोललोच नाही' म्हणायला जागा मिळते. प्रत्येक घटनेला वेगळा परिच्छेद द्या.

व्हॉट्सअॅपचे मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. स्क्रीनशॉट पुरेत असं समजू नका, मूळ संभाषण फोनमध्येच राहू द्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून 'अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा' असा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या. प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का, सही घ्या. पोच दिली नाही, तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. एचआरला तोंडी सांगितलं म्हणजे तक्रार झाली, हा समज सगळ्यांत महागात पडतो.

समिती सात कामकाजी दिवसांत एक प्रत समोरच्याला पाठवते. त्याला उत्तराला दहा कामकाजी दिवस. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, मालकाची कारवाई ६० दिवसांत. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते, पण ती लेखी मागावी लागते. न मागता कोणी देत नाही. वकील दोन्ही बाजूंना चालत नाही. तक्रारदार सलग तीन तारखांना सबळ कारण न देता गैरहजर राहिली, तर नोटीस देऊन समिती चौकशी बंद करू शकते.

'मिटवून टाका' हे तुम्हाला कोणीतरी सांगणारच. समेटाची मागणी फक्त तक्रारदाराने करायची असते आणि पैसे घेऊन समेट कायद्याला मान्य नाही. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. पोलिसांकडे जायचं असेल, तर समितीच्या निकालाची वाट पाहू नका, दोन्ही एकाच वेळी चालतं. तातडीची मदत हवी असेल, तर ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१. कोणी राजीनाम्याच्या कागदावर सही मागितली, तर करू नका. सही झालीच असेल, तर ती कशी घेतली हे त्याच दिवशी समितीला लेखी कळवा. निर्णय पटला नाही, तर अपिलाला ९० दिवस आहेत.