पोडियमखालच्या पार्किंगची दुरुस्ती: आधी पाणी, मग काँक्रीट

मुंबई, ठाणे आणि पुण्यातील अनेक गृहनिर्माण संस्थांमध्ये वर बाग, मुलांचे खेळायचे मैदान किंवा गाड्यांचा रस्ता आणि खाली एक-दोन मजल्यांचे पार्किंग अशी रचना असते; पार्किंगवरच्या या स्लॅबला पोडियम म्हणतात. काही वर्षांनी या पार्किंगच्या छताला पांढरे ओघळ येतात, पोपडे सुटतात आणि बीमच्या खालच्या बाजूने गंजलेल्या सळया दिसू लागतात. अशा वेळी बहुतेक समित्या सुटलेला भाग पाडून त्यावर नवे प्लास्टर करून घेतात, आणि तो भाग दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा सुटतो. पाणी वरून येते आणि खर्च मात्र खालून केला जातो, हे त्याचे मुख्य कारण आहे. म्हणून पाण्याचा मार्ग सापडून तो बंद होईपर्यंत, तातडीचा आधार देण्याखेरीज, स्लॅबच्या खालच्या बाजूला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत गेला की ही अल्कता कमी होते. किनारपट्टीवर खाऱ्या हवेतील किंवा बांधकामाच्या वेळी वापरलेल्या मचूळ पाण्यातील क्लोराइड हे संरक्षण त्याआधीही मोडू शकते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्या दाबाने काँक्रीटला तडे जातात आणि तड्यांतून आणखी पाणी आत येते. क्लोराइडची शक्यता असेल तर केवळ दिसणारा खराब भाग भरून भागत नाही, कारण नव्या ठिगळाच्या कडेला जुन्या काँक्रीटमधील सळई त्यानंतर अधिक वेगाने गंजू लागते. अशा ठिकाणी ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे अॅनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बांधण्याचा पर्याय अभियंत्याशी बोलून ठरवावा.

पाहणी पावसाळ्यातच करावी. पार्किंगच्या नकाशावर कॉलमच्या क्रमांकांनुसार चौकटी आखून प्रत्येक गळती, तडा, पोपडा आणि उघडी सळई तारखेसह नोंदवावी. जी गळती पाऊस थांबल्यावर काही दिवसांत थांबते ती पोडियमची असण्याचा संभव अधिक. जी उन्हाळ्यातही चालू राहते तिच्यामागे बहुधा बागेचे पाणी, सांडपाण्याची वाहिनी किंवा पाण्याची टाकी असते. संशय असलेल्या भागात रंगीत पाणी सोडून किंवा एकेक नळ बंद ठेवून उगम निश्चित करता येतो. विस्तारसांधे (स्लॅबच्या प्रसरणासाठी ठेवलेल्या फटी), पाणी वाहून नेणाऱ्या जाळ्या, पाइप स्लॅबमधून जातात त्या जागा आणि झाडांच्या कुंड्यांचे तळ यांच्याकडे सर्वांत आधी पाहावे, कारण सपाट स्लॅबच्या मध्यापेक्षा या जागाच अधिक वेळा दगा देतात.

पाणी दुर्लक्षित राहिले तर काय होऊ शकते, हे अमेरिकेतील सर्फसाइड येथील १२ मजली इमारतीच्या घटनेने दाखवून दिले. २४ जून २०२१ रोजी ती इमारत अंशतः कोसळली आणि ९८ लोकांचा मृत्यू झाला. तिच्या पार्किंगवरील जलतरण तलावाच्या डेकचे वॉटरप्रूफिंग उतार न देता सपाट केलेले असल्याने पाणी निघून जात नाही, असे एका अभियंत्याने २०१८ मध्येच लेखी कळवले होते. कोसळण्यामागे इतर कारणेही तपासली गेली आहेत, तरी त्या अहवालातील उताराचा मुद्दा आपल्या प्रत्येक पोडियमला लागू पडतो.

पाहणीनंतर संरचनात्मक अभियंत्याकडून चाचण्या करून घ्याव्यात. हातोडीने ठोकून पोकळ आवाजाचा भाग आखणे ही सर्वांत साधी आणि तितकीच उपयुक्त तपासणी आहे. फोडलेल्या ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडले की शाबूत काँक्रीट गुलाबी होते आणि अल्कता गेलेला भाग रंगहीन राहतो. तो रंगहीन थर सळईपर्यंत पोहोचला आहे का, हे पाहायचे असते. हाफ-सेल चाचणीत, म्हणजे सळईचे विद्युत विभव मोजण्याच्या चाचणीत, तांबे-मोरचूद संदर्भविद्युदग्राने मोजलेले मूल्य उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर तेथे गंजण्याची क्रिया चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. क्लोराइडसाठी वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. रिबाउंड हॅमरच्या (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यांवरून मजबुतीचा निष्कर्ष काढू नये. शंका असल्यास कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढून तपासावेत.

एक धोका येथे स्पष्ट सांगितला पाहिजे. अनेक मोठ्या पोडियममध्ये पोस्ट-टेन्शन स्लॅब असतो, म्हणजे त्यातल्या केबल प्रचंड ताणाखाली असतात. मूळ आराखडा पाहिल्याशिवाय आणि केबलच्या जागा स्कॅन करून आखल्याशिवाय अशा स्लॅबमध्ये ड्रिल किंवा ब्रेकर मुळीच चालवू नये, कारण कापली गेलेली केबल कामगाराच्या जिवावर बेतू शकते.

निधीचा विचार पाहणीबरोबरच सुरू व्हावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा करायचे असते, त्यामुळे पार्किंगची पाहणी त्या परीक्षणाला जोडून घेता येते. सर्वसाधारण सभेपुढे अंदाजपत्रकासोबत गळतीचा नकाशा आणि छायाचित्रेही ठेवावीत. निविदा ठोक रकमेची नसावी. प्रत्येक कामाचा दर चौरस मीटर, रनिंग मीटर किंवा किलोमध्ये मागवावा, कारण काँक्रीट फोडल्यावर खराब भाग अंदाजापेक्षा वाढतो, हे जवळजवळ ठरलेलेच असते. त्यासाठी राखीव रक्कम आधीच मंजूर करून घ्यावी. सल्लागार आणि कंत्राटदार एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. परवानग्यांची आवश्यकता सल्लागाराकडून लेखी घ्यावी.

प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर सुरू करून मे अखेरपर्यंत संपवण्याचे नियोजन करावे. पार्किंगचे विस्तारसांध्यांनुसार टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्यातील गाड्यांची पर्यायी सोय काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवावी. अग्निशमन वाहनाचा मार्ग आणि फायर लाइन कोणत्याही टप्प्यात अडवू नये.

वरचे काम पहिले. माती उचलताना ती पोडियमच्याच दुसऱ्या कोपऱ्यात रचू देऊ नये: भिजलेल्या मातीच्या एक मीटर जाडीच्या थराचा भार दर चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास जातो, आणि नुकसान झालेल्या स्लॅबवर असा ढीग घातक ठरतो. जुना कोबा (स्लॅबवरचा उताराचा थर) आणि वॉटरप्रूफिंग काढून मूळ स्लॅब उघडा करावा, जाळ्यांकडे निदान १०० ला १ उतार द्यावा, भिंतीच्या पायथ्याशी वाटा (कोपऱ्यातली गोलाई) करावा आणि मेम्ब्रेन, म्हणजे पाणी रोखणारा पातळ थर, मातीच्या पातळीच्या वरपर्यंत चढवावी. झाडे पुन्हा लावायची असतील तर मुळे रोखणारा थरही हवा. त्यानंतर पाणी साठवून किमान ४८ तास चाचणी घ्यावी. १०० मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो भार, म्हणून पाण्याची खोली अभियंत्याने ठरवावी.

खालच्या दुरुस्तीआधी आधाराचे प्रॉप लावावेत आणि दोन तळघरे असतील तर ते एकावर एक येत थेट जमिनीपर्यंत न्यावेत. एकाच वेळी शेजारशेजारचे कॉलम फोडू नयेत. खराब भागाच्या कडा कटरने सरळ, सुमारे १० मिमी खोल कापाव्यात, म्हणजे भरलेले मिश्रण कडेला पापुद्र्यासारखे पातळ होत नाही. गंजलेल्या सळईच्या मागे सुमारे २० मिमी मोकळी जागा होईपर्यंत काँक्रीट काढावे, सळई चकचकीत होईपर्यंत घासावी आणि तिची जाडी बरीच घटली असेल तर अभियंत्याच्या सूचनेनुसार नवी सळई जोडावी. उथळ जागी पॉलिमर मॉर्टर आणि खोल जागी साचा लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे, सहज वाहणारे काँक्रीट) वापरावे. क्युरिंगची, म्हणजे नवे काम ओले ठेवण्याची, रोज नोंद ठेवावी, कारण घाईत सर्वांत आधी तेच वगळले जाते.

कॉलमचे जॅकेटिंग, म्हणजे त्याभोवती काँक्रीटचा नवा थर देणे, सुचवले गेले तर मोजपट्टी घेऊन प्रत्यक्ष जागा पाहावी. पार्किंगच्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या कॉलमला १०० मिमी जाडीचे जॅकेट केले की मधल्या जागेची रुंदी २०० मिमीने कमी होते, आणि २.३ मीटरच्या लहान जागेत गाडीचे दार उघडणेही अवघड होते. अशा ठिकाणी फायबर रॅपिंग (तंतूंचे पातळ कापड गुंडाळणे) शक्य आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावे. जागेवरून नंतर होणारे वाद अतिशय कटू असतात.

कंत्राटदाराच्या रकमेचा काही भाग पहिला पूर्ण पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावा आणि सप्टेंबरमध्ये त्याच नकाशावर पुन्हा पाहणी करून मगच तो द्यावा. पुढे दरवर्षी मे महिन्यात जाळ्या साफ कराव्यात, सांध्यांतील सीलंट तपासावे आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरच्या वायरिंगसाठी किंवा साठवणीच्या कपाटांसाठी छतात छिद्रे पाडण्यास समितीची लेखी परवानगी बंधनकारक करावी.