डिकीतला कॅम्पिंग फ्रिज रात्री बंद पडतो? माझा अनुभव

लक्षण: गाडी घरगुती क्रॉसओव्हर, डिकीतल्या १२ व्होल्ट सॉकेटवर कॉम्प्रेसर फ्रिज. इंजिन बंद केलं की तासाभरात 'लो व्होल्टेज' दाखवून फ्रिज बंद. भंडारदऱ्याला दूध नासलं, पोरांनी कोरा चहा प्यायला.

आधी बॅटरी बदलली, फरक शून्य. मग फ्रिजचा कटऑफ (व्होल्टेज किती उतरल्यावर फ्रिजने बंद व्हायचं ती सेटिंग) 'लो'वर ठेवला, तर सकाळी गाडीच सुरू होईना.

शेवटी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट, सॉकेटवर ११.२. म्हणजे व्होल्टेज वाटेतच पडत होतं, दोष कंपनीच्या बारीक वायरचा.

क्रम असा: बॅटरीची निगेटिव्ह काढली. पॉझिटिव्हवरून ६ चौरस मिमी तांब्याची वायर घेतली, टर्मिनलपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरच्या फ्यूजचा होल्डर बसवला (फ्यूज अजून घालायचा नाही). वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी ग्रोमेटमधून, मग दाराच्या उंबऱ्याखालून डिकीपर्यंत नेली. तिथे चासीच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडून अर्थ (सॉकेटची निगेटिव्ह वायर) घट्ट आवळला. माझा पहिला अर्थ रंगावरच बसला होता. सॉकेट जोडलं, निगेटिव्ह लावली, फ्यूज सगळ्यात शेवटी.

आता सॉकेटवर १२.२ व्होल्ट मिळतात. कटऑफ 'हाय'वर ठेवूनही फ्रिज रात्रभर चालतो आणि सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते.